इंजिनामागची पहिली फळी

कलावतीबाईंच्या नवऱ्याने, शेषरावांनी, सत्तावीस वर्षं दुर्ग लाइनीवर कोळशाचं इंजिन चालवलं, आणि एवढ्या वर्षांत कलावतीबाईंनी त्यांना इंजिन चालवताना एकदाही पाहिलं नव्हतं. डबा भरून द्यायचा, काळे झालेले कपडे धुवायचे, एवढंच. इंजिनावर बाईमाणसाला चढता येत नाही, असं ते एकदा म्हणाले होते. नियम म्हणजे नियम, कलावतीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. मग स्टीम बंद झालं, शेषराव रिटायर झाले आणि पाहायचं राहूनच गेलं.

त्यामुळे विश्वकर्मा पूजेच्या सकाळी हथखोजला छोटी रेल्वे पाहायला निघायचं होतं, तेव्हा घरात सगळ्यांआधी त्याच तयार होऊन बसल्या.

मुलगा विजयकुमार तिथल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. त्याच कारखान्याच्या फोरमनने, ओमप्रकाशने, फावल्या वेळात शिलाई मशीनएवढं इंजिन बनवलं होतं, खरोखर वाफेवर चालणारं. मागच्या तळ्याभोवती वीतभर रुंदीचे रूळ टाकले होते. यंत्रांना हार घालून झाले, प्रसाद वाटला, की कामगारांच्या घरच्यांना फेऱ्या मिळत. तळं काठोकाठ भरलेलं होतं, काठाने कासाचं पांढरं गवत फुललेलं.

"आजी, समुंदर!" नात शालू ओरडली. समुद्र तिने पाहिला नव्हता, आजीनेही नाही.

शेषराव इंजिनाभोवती दोनदा फिरले. "खेळणं हाय," ते म्हणाले, पण वाकून वाकून पाहत राहिले.

"बाबूजी, एक चक्कर आप चलाइए," ओमप्रकाश म्हणाला.

"नाई नाई. रिटायर माणूस मी."

"बसा न," कलावतीबाई म्हणाल्या. "पाहू द्या मले एकडाव. का याच्यावरही बाईमाणसाले मनाई हाय?"

विजयकुमार मोठ्याने हसला. शेषराव निमूट कोळशाच्या पेटीवर बसले, गुडघे पार छातीशी. त्यांच्या पाठीमागे जोडलेल्या चाकांच्या फळ्यांपैकी पहिलीवर कलावतीबाई, मग शालू, मग आणखी चार पोरं.

शिट्टी झाली. गाडी निघाली. कलावतीबाईंनी तळ्याकडे पाहिलंच नाही. त्या शेषरावांनाच पाहत होत्या: डावा हात दांडीवर हलका ठेवलेला, मान जराशी कलती, कान धुराड्याच्या फुसफुशीकडे. घरी रेडिओ मोठ्याने लावणारा हा माणूस इतकं बारीक ऐकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढे पुलियाचा, म्हणजे छोट्या पुलाचा, चढ होता. शेषरावांनी सवयीने चढाआधीच कोळसा भरला, चमच्याएवढ्या फावड्याने सहा-सात वेळा. मोठ्या इंजिनाच्या पोटात तो दिसलाही नसता. इथे विस्तवच दबला. वाफेच्या दाबाचा काटा उतरला. चढाच्या मध्यावर गाडी दोनदा धापा टाकून थांबली.

"ड्राइवर साहब, धक्का लगाएँ क्या?" काठावरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शेषरावांचे कान लाल झाले. ते उतरायला पाय काढू लागले. एकदा उतरले की पुन्हा बसणार नाहीत, हे कलावतीबाई ओळखून होत्या.

"अहो, उतरू नका. येवढा कोयसा कावून टाकला? शेगडीच हाय ते. आर्धा काढा, हवा लागू द्या."

"तू मले इंजिन शिकवून राहिली?"

"इंजिन तुमचं. विस्तव मले समजते."

शेषरावांनी आकड्याने एकेक खडा ओढून टिनात टाकला आणि ते थांबले. छोट्या इंजिनात पाणी थोडं, आग थोडी. बिघडतं लवकर तसं सुधारतंही लवकर. विस्तव लाल झाला. काटा थरथरत वर सरकला. गाडीने चढ ओलांडला तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या.

ओमप्रकाशपाशी गाडी थांबली. शेषराव उठले नाहीत.

"अजून एक चक्कर," ते म्हणाले. मग मागे, बायकोला, "तुले तिथून विस्तव दिसते का?"

"जरा बाजूले सरका."

ते सरकले. नजर मात्र रुळांवरच. गाडी पुन्हा तळ्याच्या कडेने निघाली, चढ जवळ आला.

"सांग."

"थांबा... थांबा. आता टाका. दोनच."

त्यांनी दोनच टाकले.