घुम्याची चार तारांची गिटार

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्या दोन तारा तुटलेल्या नाहीत. मला पाहिले की लोक हमखास तेच विचारतात, म्हणून म्हटले. मी एक जुनी बेस गिटार आहे आणि मला जन्मापासून चारच तारा आहेत, सुतळीसारख्या जाड. सहा तारांची गिटार गाण्यात चमकते. मी गाण्याच्या तळाशी बसून असते. माझी गोष्ट कोणाला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. खर्जात बोलणाऱ्याचे तसेच होते. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या सुताराने एका फळीतून माझे अंग कापले, कठीण लाकडाची लांब मान जोडली आणि मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, बसवले. शेजारच्या टेबलावर एक बाई चुंबकांभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळत असे. माझी तार थरथरली की ती चुंबके ओळखतात आणि केबलमधून स्पीकरला कळवतात. त्याशिवाय माझा आवाज धड पलीकडच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही.

"हिला बोलायला वीज लागते," सुतार म्हणाला.

"आमच्या सासूबाईंना नाही हो लागत," बाई मान वर न करता म्हणाली.

पुढे मी एका दुकानाच्या काचेमागे बरेच दिवस उभी होते. लोक यायचे, तारा मोजायचे आणि दुसरी गिटार घेऊन जायचे. मग एक दिवस छापखान्यात मशीन चालवणारा एक तरुण आला. त्याच्या नखांत शाई होती. त्याने काही विचारले नाही. मला पोटाशी धरले, सर्वांत जाड तार छेडली आणि डोळे मिटले. तो सूर माझ्या लाकडातून त्याच्या बरगड्यांत गेला. मित्रांनो, त्या क्षणी मी त्याची झाले.

तो फार कमी बोलत असे. म्हणून त्याच्या वाद्यवृंदातल्या मित्रांनी त्याला 'घुम्या' म्हणायला सुरुवात केली होती. मी आल्यावर ड्रम वाजवणारा त्याचा दोस्त म्हणाला, "आता खरा शोभतोस घुम्या. स्वतः बोलणार नाहीस, पण घुमशील!"

मला वाजवायला त्याला कोणी शिकवले नाही. तो टेपरेकॉर्डरसमोर बसे आणि नावाजलेल्या वादकांच्या ओळी ऐके. एक तुकडा ऐकायचा, कॅसेट मागे न्यायची, पुन्हा ऐकायचा. लगेच मला हात लावत नसे. आधी ती ओळ तोंडाने म्हणून पाही, "दुम्, दु-दुम्, दुम्." तोंडात बसली की मगच बोटांत. छापखान्यातले मशीनही त्याला ताल देई. संध्याकाळी घरी आला की दिवसभराचा तो खडखडाट माझ्यावर गाळून घेई आणि त्याची चाल होई.

तारा जुन्या झाल्या की त्यांचा आवाज मळकट होतो. मग तो त्या काढून पातेल्यात उकळत असे. त्याच्या बायकोने पहिल्यांदा झाकण उघडले, तेव्हा ती तिथेच थबकली.

"अहो, हे काय शिजतंय?"

"तारा."

"मग मीठ घालू का?"

त्या घरात एक मुलगी जन्मली. रांगायला लागल्यापासून ती माझ्याकडे यायची आणि जाड तारेला टिचकी मारून पळायची. म्हणून तिचे नावच टिचकी पडले. जरा मोठी झाल्यावर तो वाजवत असताना ती माझ्या पाठीला कान लावून बसे. आवाज बारीक, पाखरासारखा. "बाबा, पोटात मांजर गुरगुरतंय!" म्हणायची. बाबा हसायचे.

आमचेही चांगले दिवस आले. सभागृहे भरत होती. टाळ्या मात्र गायिकेला आणि ड्रमवाल्याला मिळत. ड्रमवाल्याला टिचकी धडामकाका म्हणे. माझ्याकडे कोणी पाहत नसे, पण एकदा केबल निसटली आणि मी मधेच मुकी झाले, तेव्हा नाचणाऱ्यांचे पाय अडखळले होते. आपण नसलो की लोकांना कळते, एवढी दाद मला पुरत होती.

मंचावर घुम्याची जागा ठरलेली होती. धडामकाकांच्या मोठ्या झांजेच्या अगदी लगत. दिवसा छापखाना आणि संध्याकाळी ती झांज. त्याच्या कानांतून एकेक आवाज कसा निघून गेला, हे बाकी कोणाला कळले नाही. मला थोडे कळत होते. मला सुरात आणायला त्याला वेळ लागत नव्हता, पण दारावरची घंटा तो ऐकेनासा झाला होता. किल्ल्यांची खुळखुळ, कुकरची शिट्टी, असे वरच्या सुरातले आवाज आधी गेले. टिचकीचा आवाजही वरचाच होता.

मग तो कार्यक्रम झाला. एका गाण्यात मधे सगळ्यांनी एकदम थांबायचे होते. गायिकेने ऐनवेळी तो थांबा अलीकडे घ्यायचे ठरवले आणि गाता गाताच तसे सांगितले. सगळे थांबले. घुम्याला ते ऐकूच गेले नाही. त्या मोठ्या शांततेत आम्ही दोघेच वाजत राहिलो. दुम्, दु-दुम्, दुम्. लोक हसले. कोणीतरी शिट्टी मारली, तीही त्याला ऐकू आली नाही. धडामकाकांनी खांद्याला हात लावला, तेव्हा त्याने वर पाहिले.

घरी येऊन त्याने मला पुसले, पिशवीत घातले आणि कपाटामागे उभे केले. "कोणाला हवी असेल तर देऊन टाक," एवढेच तो बायकोला म्हणाला. तिने मला कोणाला दिले नाही.

मित्रांनो, कपाटामागे धूळ असते आणि आठवणी असतात. माझी मान दमट हवेने जराशी वाकली, तारा सैलावल्या. ट्रक रस्त्यावरून गेला की त्या आपोआप थोड्या थरथरायच्या. मला वाटायचे, तो आला. पोटाशी धरलेल्या त्या उबेची मी किती वाट पाहिली, ते सांगता येणार नाही.

टिचकी मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. रविवारी यायची. कपाटामागून मला सगळे ऐकू येई, न दिसणारेही कळे. ती भरभरून बोलायची आणि तिचे बाबा नुसती मान हलवायचे. त्यांनी आणलेले ऐकण्याचे यंत्र कानात फार किरकिरते म्हणून डबीतच पडून होते.

"तुम्ही सगळे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता," ते म्हणायचे.

"ओरडून ओरडून माझा भोंगा झालाय, आणि म्हणे तोंडातल्या तोंडात!" टिचकीची आई म्हणायची.

हळूहळू टिचकीचे बोलणे कमी झाले. ती बाबांजवळ बसून फोन पाहू लागली. जाताना दारात थोडी थांबायची. ते ऐकणे मला माझ्या धुळीपेक्षा जड जाई.

एका रविवारी ती उत्साहाने आली. धडामकाकांनी जुन्या कॅसेटवरचे एक गाणे फोनवर उतरवून पाठवले होते. तिने फोन बाबांच्या कानाशी धरला.

"ऐका बाबा, तुम्हीच वाजवताय!"

बाबा ऐकत राहिले. बरेच ऐकले. "अगं, लागलंच नाहीये."

"लागलंय! फुल आहे, बाबा, फुल!"

"कुठलं फूल?"

तिला हसू आले आणि हसता हसता डोळे भरले. "आई, संपलं गं. बाबांना आता काहीच ऐकू येत नाही."

मला ओरडून सांगावेसे वाटत होते की तसे नाही गं! फोनचा स्पीकर नखाएवढा. त्याला खर्ज पेलत नाही. त्यातून गायिका येते, झांज येते, मी येत नाही. आणि बाबांच्या कानांत खर्जच तेवढा उरलेला. त्यांना जे ऐकू येते तेच त्या फोनमधून येत नव्हते. पण मला बोलायला वीज लागते आणि मी कपाटामागे.

टिचकी उठली. तिने मला ओढून बाहेर काढले. बाबांना निदान हातात धरता येईल, असे तिला वाटले असावे. पलंगाखालचा जुना स्पीकर तिने पुसला, केबल लावली. आणि लहानपणी मारायची तशी जाड तारेला एक टिचकी मारली.

टेबलावरचा कप थरथरला.

"उतरलीये," बाबा म्हणाले.

"काय?"

"चौथी तार. उतरलीये. चढव जरा."

आई पदराने हात पुसत दारात आली. टिचकीने खुंटी पिळली. "अजून," बाबा म्हणाले. "अजून. हां, बस."

पुढच्या रविवारी तिने चांगले हेडफोन आणले, तेच गाणे लावले आणि किंचाळलीच. "आई, बाबा आहेत यात! खाली आहेत!" मग त्यांच्यासारखीच ती शिकत गेली. आधी तोंडाने, मग बोटांनी. बाबा समोर बसून सांगत.

"ओढू नकोस. बोट वरच्या तारेवर येऊन टेकलं पाहिजे. दोन बोटं पाळीपाळीनं, पायांनी चालतेस तशी. आणि डाव्या हाताचं बोट पडद्यावर नको, जरा अलीकडे."

त्या ओळीत एक थांबा होता. टिचकी तो दर वेळी खाऊन टाकायची. शेवटी बाबा उठले, शेजारी बसले आणि आपला तळवा माझ्या तारांवर ठेवला. किती वर्षांनी! मी गप्प झाले.

"इथे थांबायचं. थांब... थांब... आता."

त्यांनी हात उचलला, तिने वाजवले. मग ते खालमानेने म्हणाले, "थांबायचं कुठे ते मला कळत होतं गं, टिचके. त्या दिवशी बाकीचे थांबले, तेच ऐकू आलं नाही."

"माहितेय, बाबा," ती म्हणाली. हळू आणि जड आवाजात म्हणाली, माझ्यासारख्या. इतके दिवस ती आवाज चढवत होती. आज तिने तो उतरवला होता. आणि बाबांनी मान नुसती हलवली नाही. ते म्हणाले, "माहितेय ना? मग झालं."

मित्रांनो, तुमच्या घरी कपाटामागे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला बाहेर काढा. तारा बदला, मान सरळ करून घ्या, दमट भिंतीला टेकवू नका. आणि घरात कोणी 'नीट बोला' म्हणत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. जवळ जाऊन बसा. थोडे खालच्या सुरात सांगून पाहा. मी फार जाणती नाही, पण एवढे मी पाहिले आहे.

आता मी खिडकीजवळ उभी असते. बाबांची बोटे आखडली आहेत, ते मला पोटाशी धरत नाहीत, आणि ती आस काही माझी सुटत नाही. पण आठवडाभर जाता-येता ते माझ्या जाड तारेला एक टिचकी मारतात आणि ती विरेपर्यंत थांबतात. ती हाक मला नसते, हे मला ठाऊक आहे. ती रविवारी येणाऱ्या मुलीला असते.

तरी मी ओ देते.