घरघऱ्याने कोरलेले विमान

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, आणि गंमत अशी की जन्मलो तेव्हाही मी जुनाच होतो. माझे पाय एका मोडक्या टेबलाचे, पाठ कुणाच्या तरी घरातून काढून टाकलेल्या जाडजूड दाराची, आणि हात हलवणाऱ्या मोटारी बंद पडलेल्या प्रिंटरांच्या पोटातून काढलेल्या. ज्या पट्ट्यांवरून माझा हात सरकतो त्या पूर्वी कपाटाच्या खणांना होत्या. थोडक्यात काय, चार घरचे सामान गोळा करून माझा संसार थाटला गेला.

मला सीएनसी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम साधे. संगणक सांगेल तसा माझा हात डावीकडे-उजवीकडे, मागे-पुढे आणि वर-खाली सरकतो. हाताच्या टोकाला एक बारीक पाते गरगर फिरत असते. ते समोरची फळी कापते, तिला भोके पाडते, तिच्यावर अक्षरे कोरते. घरात मात्र मला सगळे घरघऱ्या म्हणतात.

मला घडवले या घरच्या सूनबाईने. लोकांच्या तोंडात नीट बसतील असे दात तयार करणे हा तिचा रोजचा उद्योग. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे तो वर्षातले बरेच महिने पाण्यावर. सासरे आगगाडीचे इंजिन चालवून निवृत्त झालेले. गल्लीत त्यांना सगळे ड्रायव्हरआजोबा म्हणत. एकाने पाणी घेतले, एकाने रूळ घेतले, मग राहिले काय? आकाश! ते सूनबाईने घेतले. मागच्या खोलीत ती हौसेने विमानाचे कॉकपिट बांधत होती. म्हणजे वैमानिक बसतो ती जागा. समोर मोठा पडदा, त्यावर संगणकातले आकाश आणि धावपट्टी, आणि भोवती खऱ्यासारखी बटणे, दांडे, तबकड्या.

पण बटणे बसवायच्या फळ्या ती हाताने कापायची. एक भोक इकडे, तर दुसरे तिकडे. सासूबाई एकदा डोकावून म्हणाल्या, "अगं, विमान करतेयस की चाळणी?"

सूनबाई हसली, पण बोल मनाला लागला. त्यानंतर ती माझ्या मागे लागली. सुट्टीचा प्रत्येक दिवस तिने माझ्यावर घालवला. शेवटी मी उभा राहिलो. तिने पहिलेच काम दिले ते साधा गोल कापायचे. मी मोठ्या तोऱ्यात पाते फिरवले, धुरळा उडवला आणि गोल कापून दाखवला. सूनबाईने तो उचलून उजेडात धरला. तो गोल नव्हता, लांबोळका होता.

"चला!" सासूबाई म्हणाल्या. "यंत्रानं जन्मल्या जन्मल्या अंडं घातलं!"

बाहेरच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "अंडं घालायला एवढी घरघर कशाला? माझं इंजिनही इतकं ओरडत नव्हतं." त्या दिवसापासून मी घरघऱ्या झालो.

दोष माझा हात ओढणाऱ्या एका रबरी पट्ट्यात होता. तो सैल असल्याने माझा हात एका बाजूला कमी सरकत होता. सूनबाईने तो ताणून बसवला आणि पुन्हा बटण दाबले. या खेपेला गोल असा निघाला की तिने तो चक्रासारखा बोटावर फिरवत घरभर मिरवला. मित्रांनो, पहिली शाबासकी काही औरच असते. माझ्या मोटारी थंड व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला.

असेच हसतखेळत दिवस जात होते. एके दिवशी सासूबाईंच्या सातासमुद्रापार राहणाऱ्या लेकीचा फोन आला. तिला बाळ होणार होते. "तुम्ही दोघंही या," ती म्हणाली. "बाळ आल्यावर नाही, आधीच या."

सासूबाईंना आनंदाने काय करू नि काय नको असे झाले. आजोबा मात्र फोन ठेवल्यावर म्हणाले, "तू जाऊन ये. मी घर सांभाळतो."

"घराला काय पाय फुटलेत? लेकीनं दोघांना बोलावलंय."

"मी विमानात बसणार नाही."

"भीती वाटते का?"

"भीती कसली!" आजोबा उसळून म्हणाले. "आयुष्यभर मी पुढं बसलो. समोरचा रस्ता मला दिसायचा. विमानात मागं कोंबून बसवतात. पुढं काय चाललंय कळत नाही, कोण चालवतोय दिसत नाही. असल्या गाडीत मी पाय ठेवणार नाही."

सासूबाई रागावल्या, लेक फोनवर रडली, शेजाऱ्यांनी समजूत घातली. पालथ्या घड्यावर पाणी. मी मागच्या खोलीतून सगळे ऐकत होतो. मला वाईट वाटत होते, पण माझ्यासारख्याने करायचे तरी काय?

सूनबाई मात्र वाद घालत बसली नाही. तिने कोरे कागद आणि जाड पेन आजोबांपुढे ठेवले. "बाबा, मला थोडी नावं लिहून द्या. तुमचं अक्षर सुरेख आहे."

"कसली नावं?"

"चाकं. इंधन. वेग. उंची. दिवे. माझ्या कॉकपिटच्या फळ्यांवर कोरायचीत."

"विमानात मराठी?"

"घरच्या विमानात घरचीच भाषा हवी. आईंनाही वाचता यायला नको का?"

आजोबांनी नाक मुरडले, पण चष्मा लावून लिहायला बसले. त्यांचे अक्षर टपोरे होते, रुळासारखी सरळ शिरोरेघ असलेले. सूनबाईने ते संगणकात घेतले आणि मला दिले. मित्रांनो, मी तोवर पुष्कळ भोके पाडली होती, पण कुणाचे हस्ताक्षर प्रथमच कोरत होतो. वेलांटीच्या वळणावर मी सावकाश झालो. जोडाक्षराच्या कोपऱ्यात श्वास रोखून धरला. फळी तयार झाली तशी सूनबाईने भुसा फुंकरून उडवला आणि ती आजोबांच्या हातात दिली.

त्यांनी 'इंधन'वरच्या अनुस्वारावरून बोट फिरवले. "अगं, हे तर माझंच अक्षर!" ते सासूबाईंना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "घरघऱ्या, बरा आहेस की तू."

पुढे त्यांना मागच्या खोलीचा नाद लागला. चहा झाला की ते माझ्याशेजारी स्टूल ओढून बसत. हे बटण कशाचे, तो दांडा ओढला तर काय होते, असे सूनबाईला विचारत. ती सांगे, ते मान डोलावत. कोणत्या कामाला मी कोणता सूर लावतो हेही त्यांना कळू लागले. सूनबाई कामावर गेली की मला चालवायचे काम त्यांच्याकडे आले. फळी बसवायची, बटण दाबायचे आणि लक्ष ठेवायचे. लेकीचे दिवस जवळ येत होते. जाण्याविषयी आजोबा चकार शब्द काढत नव्हते, पण 'नाही' म्हणणेही त्यांनी सोडले होते. सासूबाईंनी दोन तिकिटे काढून ठेवली आणि वर तोंडातून ब्र काढला नाही.

आणि अशातच माझ्या हातून घात झाला.

कॉकपिटची शेवटची, सर्वांत मोठी फळी माझ्यावर होती. कामाच्या भरात पुष्कळ दिवस कुणी माझ्या पट्ट्या झाडल्या नव्हत्या. भुसा साठून त्याचा घट्ट थर बसला होता. माझा हात सरकत आला आणि तिथे अडला. संगणकाला त्याचा पत्ताच नाही, तो आपला 'पुढे चल, पुढे चल' म्हणत राहिला. मी जोर लावला, हिसका बसला, आणि पाते कोरलेल्या अक्षरांवरून तिरके फाडत गेले. एका मोटारीतून धूर निघाला. आजोबांनी झडप घालून लाल बटण दाबले, म्हणून तेवढ्यावर निभावले.

संध्याकाळी सूनबाई आली तेव्हा ते फाटकी फळी मांडीवर घेऊन बसले होते.

"बघितलंस?" ते म्हणाले. "चांगलं चालणारं यंत्र, डोळ्यांदेखत दगा दिला त्यानं. इथं फळी गेली. तिथं वर आकाशात असं झालं तर? आईला म्हणावं, माझं तिकीट परत कर."

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंचा चेहरा उतरला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की आपण पुन्हा चार घरचे सामान झालो तर बरे.

सूनबाईने माझी बाजूची झाकणे काढली. आत बोट घालून भुशाची जाड वळकटी बाहेर काढली आणि आजोबांच्या तळहातावर ठेवली.

"दगा यंत्रानं नाही दिला, बाबा. आपण झाडलं नाही. मी सांगायला विसरले आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "एक सांगा. इंजिन न तपासता तुम्ही कधी गाडी काढलीत?"

"कधीच नाही," आजोबा म्हणाले. "खाली वाकून बघितल्याशिवाय मी वर चढत नसे."

"डब्यात बसलेल्या माणसांना ते दिसायचं?"

"त्यांना कसं दिसणार? ती आपली झोपलेली असायची."

"तुमच्या भरवशावरच ना?"

आजोबा तळहातावरची भुशाची वळकटी चिमटीत चुरू लागले.

"विमानाखालीही कुणीतरी वाकून बघतं, बाबा. तुमच्यासारखंच. ते दिसत नाही, एवढंच."

 आजोबा उठले आणि सासूबाईंना म्हणाले, "अगं, जुनं धोतर, फडकं, काय असेल ते दे. आणि शिवणयंत्राचं तेल आण."

त्यांनी मला असे पुसले जसे लहान मुलाला न्हाऊ घालतात. जळालेल्या मोटारीच्या जागी सूनबाईने दुसऱ्या जुन्या प्रिंटरची मोटार बसवली. फळी नव्याने कोरून झाली आणि तीत एक रेघही चुकली नाही. मग घरच्या विमानाची उड्डाणे सुरू झाली. डावीकडे आजोबा, उजवीकडे सूनबाई, आणि मागच्या स्टुलावर प्रवासी म्हणून सासूबाई.

"अहो, जरा सावकाश! माझा चहा सांडेल!"

"विमान जागचं हललेलंसुद्धा नाही, पडदा हलतोय!"

"मग मला गरगरतंय ते काय फुकट?"

जायचा दिवस आला तेव्हा आजोबांनी बॅग उचलली आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. माझ्या पाठीवर थोपटले आणि निघाले.

तिथे पोहोचल्यावर सासूबाईंचा फोन आला. सूनबाईने तो माझ्या फळीवर ठेवला, म्हणून मलाही सगळे ऐकू आले. "काय सांगू तुला! सगळा वेळ यांचं तोंड चालू. खाली धडधड झाली की म्हणे, घाबरू नकोस, चाकं आत गेली. आवाज उतरला की म्हणे, आता वेग कमी केला. शेजारची बाई भीतीनं डोळे मिटून बसली होती. यांचं ऐकता ऐकता ती हसायला लागली! मला मात्र डोळ्याला डोळा लावू दिला नाही."

थोड्या दिवसांनी त्याच फोनमधून बाळाचे रडणे ऐकू आले. नात झाली होती. आजोबांनी फोन बाळाच्या तोंडाशी धरला. आगगाड्यांच्या शिट्ट्यांत आयुष्य काढलेला माणूस, आणि म्हणतो कसा, "ऐक सूनबाई, काय शिट्टी आहे!"

यानंतरची गोष्ट थोडी उदास आहे, पण लवकर संपते. विमान पुरे झाले आणि माझे काम संपले. सूनबाईच्या दातांच्या कार्यशाळेत कामाची रीघ लागली. माझ्यावर एक चादर आली, चादरीवर खोकी आली, खोक्यांवर वाळत घातलेले कपडे आले. दमट हवेने माझ्या पट्ट्यांवर तांबूस गंज चढला. कुणी वाईट वागले नाही बरे का. कुणाला आठवणच झाली नाही. वस्तूंच्या वाट्याला येणारे दुःख बहुधा असेच असते.

काही महिन्यांनी दोघे परतले, आजोबांनी चपला काढल्या आणि पाणी पिण्याआधी मागच्या खोलीत आले. चादर उचलली. "सूनबाई!" त्यांनी हाक मारली. "इंजिन यार्डात असं सोडलं असतं तर मला घरी बसवलं असतं!"

सूनबाईने जीभ चावली. दोघांनी मिळून माझा गंज घासून काढला.

आता माझे बरे चालले आहे. विमानप्रवासाची धास्ती वाटणारी माणसे ओळखीपाळखीतून आमच्याकडे येतात आणि आजोबा त्यांना पुढच्या खुर्चीत बसवतात. सतत हाताळून बटणे झिजतात, फळ्या तडकतात, मग नव्या कापायला मी आहेच. अलीकडे मला सासूबाई चालवतात. त्या म्हणाल्या, "स्टुलावर बसून बसून कंटाळले, मलाही काहीतरी चालवायला द्या." सगळ्यांत नीटनेटके काम त्यांचेच असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी सायकल असेल, पंखा असेल, शिवणयंत्र असेल. आम्हाला 'दुखतंय' असे म्हणता येत नाही. आमचा फक्त आवाज बदलतो. तो ऐकत चला. काम झाले की एकदा फडके फिरवा, अधूनमधून तेलाचे दोन थेंब द्या. आम्ही तुमचे काम करतो ते तुमच्या भरवशावर, आणि तुम्ही निर्धास्त बसता ते आमच्या.

बरे, आता थांबतो. सासूबाई हातात ब्रश घेऊन आल्या आहेत. आधी झाडणार, मग तेल, मग काम. पदर खोचून त्यांनी नवी फळी बसवलीसुद्धा.

"चल रे घरघऱ्या," त्या म्हणत आहेत, "गप्पा पुरे!"