बंद करून टाक

ताईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. खोटे दात बनवायचा कारखाना तिचा आणि तिथला शेवटचा शब्दही तिचाच. धाकटा भाऊ तिच्या हाताखाली होता. त्याने तिला कधी नाही म्हटलं नाही, म्हणून कारागीर त्याला होयबा म्हणत, आणि त्या हाकेलाही तो बापडा ओ देई.

कारखान्याची खासियत अशी, की लोकांच्या दातांचं माप दात शाबूत असतानाच घेऊन ठेवायचं. पुढेमागे ते गेले, की हुबेहूब तसेच बनवून द्यायचे. पूर्वी मागच्या खोलीत प्लास्टरचे जबडे छतापर्यंत रचलेले असत. नवा माणूस आत शिरला की किंचाळत बाहेर येई. मग ताईने सगळी मापं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर, चढवली आणि जबडे कचऱ्यात टाकले.

क्लाउडवाल्याने नीट समजावलं होतं. "तीन प्रकार आहेत, मॅडम. नुसती खोली, शेगडी-भांड्यांसकट खोली, नाहीतर वाढलेलं ताट. ताट घेतलंत तर सगळं आम्ही सांभाळतो."

"खोली द्या," ताई म्हणाली. "आम्ही आयतं खाणारे नाही."

मोठ्या सुट्टीवर निघताना चपलेत पाय घालता घालता तिने भावाला फर्मावलं, "क्लाउडचं भाडं उगाच चालू राहील. बंद करून टाक सगळं."

सुट्टी संपली. शाळेतल्या एका बाईंचे पुढचे दात अपघातात गेले होते. ते आज करायला घ्यायचे होते. ताईने त्यांचं माप शोधलं. सापडलं नाही. मग दुसऱ्या कुणाचं शोधलं, तिसऱ्याचं शोधलं. एकही माप जागेवर नव्हतं. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने क्लाउडवाल्याला फोन लावला.

"खोली तुमच्याकडूनच मोडली गेलीय, मॅडम. नक्कल ठेवायला तुम्ही सांगितलं नव्हतं. आत काय ठेवता, काय फेकता, ते आम्ही बघत नाही."

ताई मटकन खुर्चीत बसली. भाऊ दारातच उभा होता.

"अरे, बंद कर म्हटलं होतं! रोज संध्याकाळी दिवे बंद करतोस, तेव्हा काय तारा उपटून टाकतोस?"

"मला वाटलं, कारखानाच बंद करतेयस." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आदल्या दिवशी म्हणालीस ना, टाळं ठोकते एकदाचं."

"ते मी दर आठवड्याला म्हणते!"

"सुट्टीभर घास उतरला नाही माझ्या घशाखाली. स्क्रीनवर दोनदा विचारलं, सगळं कायमचं पुसायचं, खात्री आहे का म्हणून. दोनदा हो म्हटलं मी."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुला?" तो म्हणाला. एवढंच.

ताईने तोंड उघडलं. सणसणीत काहीतरी जिभेवर होतं, पण ते तिथेच विरलं. आजवर याने एकदाच काहीतरी विचारलं होतं, तेव्हा आपण त्याला काय काय सुनावलं होतं, ते तिला लख्ख आठवलं. तिला स्वतःचीच भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. त्याच बाई होत्या. पुढचे दात नसल्याने शब्द फसफसत होते, पण आवाजात आनंद मावत नव्हता. "घेतलेत का हो करायला माझे दात? अगदी माझेच, हं!"

ताईने फोनवर हात दाबून धरला आणि भावाकडे पाहिलं.

"काय सांगू रे?" तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

आणि होयबाला हो किंवा नाही, काहीच म्हणता येईना.