गेथिनच्या सायकलीचे ब्रेक

दोन वर्षं भिंतीला टांगलेली नवऱ्याची, गेथिनची डोंगरी सायकल मेरेरिडने शेवटी इथेलच्या शेडमध्ये आणली. तिच्या भावाला ती हवी होती. इथेल म्हणजे गावातला सायकलवाला, गेथिनचा जुना दोस्त. सायकल दिसताच त्याचा चेहरा पडला.

"भावाला देतेयस? मग ब्रेक मीच बघतो. दुसऱ्या कुणाकडे नेऊ नकोस."

त्याच्या मनात काय होतं ते तिला ठाऊक होतं. गेथिन वर्षातून चार-पाच वेळाच सायकल काढायचा, आणि दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती ठेवून देण्याआधी ब्रेकमधलं तेल इथेलनेच बदललं होतं. मार्चमधल्या पहिल्याच फेरीला गेथिन स्लेटच्या खाणीवरच्या उतारावरून थेट खाली गेला, तो संपलाच. हे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात; नळीत हवा राहिली की लिव्हर नुसताच दाबला जातो, सायकल काही थांबत नाही. "हवा माझ्याकडूनच राहिली असणार," असं इथेलने दफनाच्या वेळी तिचे हात धरून सांगितलं होतं. तेव्हापासून तो चॅपलमध्ये प्रार्थनेला यायचा बंद झाला. मेरेरिडचा राग मात्र गेथिनवरच होता. पन्नाशीत कसली ही मस्ती! कबरीवर फुलं ठेवतानाही ती त्याला चार शब्द सुनावायची.

इथेलने सिरिंज लावली, पारदर्शक नळी जोडली आणि जुनं तेल हळूहळू वर ओढलं. काळपट झालं होतं, पण एकही बुडबुडा नाही. त्याने पुन्हा ओढून पाहिलं. मग चाक काढलं, चाकावरच्या चकतीला, डिस्कला, आवळून धरणारे ब्रेकचे पॅड हातात घेतले, हुंगले आणि मटकन स्टुलावर बसला.

"अगं, हवा नव्हतीच! हे पॅड बघ, तेल प्यायलेत नुसते. कुणा दीडशहाण्याने डिस्कवर तेल फवारलंय. अरे, साखळीला तेल घालतात, डिस्कला नाही! असला ब्रेक अंगणात धरतो आणि उतारावर दगा देतो. मी नाही गं, मेरेरिड. मी नाही!" आणि साठीचा तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

त्या फेरीच्या आदल्या दिवशी गेथिनचा वाढदिवस होता. त्याला खूश करायला मेरेरिडने सगळी सायकल पुसून लखलखीत केली होती. डिस्कवर गंज चढला होता, म्हणून तिथे तेलाचा जरा जास्तच फवारा मारला होता.

"ती मी पुसली होती," ती म्हणाली. "डिस्कसुद्धा."

इथेलचं रडू थांबलं. मग उठून त्याने नळी पुन्हा हातात घेतली.

"थांब थांब. हा काय बुडबुडा. चांगला मोठा आहे की! मघाशी दिसलाच नाही मला. चूक माझीच होती गं. तेलाचं काय, ते नंतरही ठिबकलं असेल."

मेरेरिडने वाकून पाहिलं. नळीत तेल सलग होतं, वरपासून खालपर्यंत.

"हो," ती म्हणाली, "दिसतोय." आणि तिला स्वतःचीच किळस आली.