सातची एक रिंग

स्वयंपाकघरात फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला. नर्सबाईंनी तो उचलला नाही, उचलायचा नसतोच. एक रिंग म्हणजे ‘मी उठलोय’. मग त्यांनी टेलरबाईंना एक रिंग दिली. आता टेलरबाई पुढच्याला देतील, आणि फिरत फिरत ती पहिल्या माणसाकडे पोचेल. एकेकट्या राहणाऱ्या सात म्हाताऱ्यांच्या गटाने आपली आपणच बांधलेली ही साखळी. साडेसातपर्यंत रिंग आली नाही तर आधीच्याला फोन करायचा. त्याने उचलला नाही, तर आपल्याकडे ठेवलेली त्याची किल्ली घेऊन त्याचं दार गाठायचं.

आजची रिंग कंडक्टरांची. मंगळवारपर्यंत त्यांच्या आणि बाईंच्या मध्ये घड्याळजी होते. मंगळवारी ते गेले. आता सातांचे सहा झाले.

नवरा गेला त्याला आठ महिने झाले, पण बाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या बघितल्या. आता स्वतःचीच लागत नव्हती. गटात पाळी आली की म्हणायच्या, “माझं बरंय.”

दहाला त्या गटाच्या बैठकीला वाचनालयाच्या माडीवर गेल्या. लेक कामावर जाताना नातीला सोडून गेली होती, म्हणून तीही सोबत. कोपऱ्यात खडू घेऊन बसली.

इथला नियम एकच: सल्ला द्यायचा नाही, आपल्यावर बेतलेलं तेवढं सांगायचं.

“सल्लाच द्यायचा नसेल तर म्हातारं व्हायचं कशाला?” टेलरबाई नेहमीसारख्या म्हणाल्या. आज कोणी हसलं नाही.

कंडक्टर घसा खाकरून म्हणाले, “साखळी तरी तुटली नाही. मंगळवारी रिंग फिरून माझ्याकडे आली. म्हणजे घड्याळजी त्यानंतरच पडले. आपल्या हातात काही नव्हतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्सबाई गप्प बसत्या तर झाकली मूठ झाकलेलीच राहती.

“मला त्यांची रिंग आली नव्हती,” त्या म्हणाल्या. आवाज असा, जणू कोणाचा ताप सांगताहेत. “साडेसात झाले, आणि मी टेलरबाईंना रिंग दिली. झोपले असतील, असंसुद्धा मनात आलं नाही. हाताला सवय होती, हाताने दिली. ते पहाटेच पडले होते. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत श्वास असावा.”



“अहो, तुमची रिंग आली की मी चहा टाकते,” टेलरबाई हळूच म्हणाल्या. “वाटतं, माझ्या आधीचे सगळे आहेत.”

नर्सबाईंनी मान हलवली. आता तरी रडू फुटेल म्हणून त्या थांबल्या. नाहीच.

घड्याळजींच्या जागी आता कंडक्टरांची किल्ली नर्सबाईंकडे यायची होती. कंडक्टरांनी ती खिशातून काढली, तळहातावर थोडा वेळ धरली आणि परत ठेवली. “उद्या देतो,” ते म्हणाले. बाईंकडे बघितलं नाही.

परतताना नातीने आजीच्या पर्समधून खाऊऐवजी एक किल्ली शोधून काढली. लाल दोरा बांधलेली.

“ही घड्याळआजोबांची ना?”

“हो.”

“तुझ्याकडे आहे हे त्यांना माहीत होतं?”

“होतं.”

पोरगी दोन पावलं चालली, मग थांबली. “मग आजी, ते तुझी वाट बघत होते का गं?”