दुधाळ तेल

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्या आईला दिवसाआड इस्पितळात न्यावं लागतंय आणि घरच्या जुन्या गाडीच्या इंजिननं मान टाकलीय. ठकीच्या घरी नेमकं हेच झालं होतं. नवं इंजिन परवडणारं नव्हतं, म्हणून तिघं भंगारवाल्याकडे आली होती. आई दाराशी बाकावर टेकली होती.

बाबांनी शिकवलं होतं तसं ठकीनं तिथल्या एका स्वस्तातल्या इंजिनमधली तेल बघायची पट्टी उपसली. तेल दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी शिरलं होतं.

"बाबा, हे पुरात बुडलेलं असणार!"

"वा गं शहाणे!" भंगारवाला हसला. "फुकटात घोडा हवा, वर त्याचे दातही मोजणार?"

"चालेल किती दिवस?" बाबांनी हळूच विचारलं.

"महिना. नशीब असलं तर दोन."

बाबांनी खिशातून पैसे काढले. "डॉक्टरांनीही तेवढेच सांगितलेत," ते म्हणाले. "द्या."

ठकी हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"ठके, बरं आहे का गं इंजिन?" आईनं बाकावरून विचारलं.

ठकीनं पट्टी फ्रॉकला स्वच्छ पुसली, जागेवर घातली आणि ओरडून सांगितलं, "एकदम झकास आहे, आई!"