चढावरची डिपस्टिक

मी एक जुनी डिपस्टिक आहे. हसू नका, मित्रांनो. एका म्हाताऱ्या पिकअपच्या इंजिनात तेल किती आहे, हे सांगणारी मी लांब, चपटी पट्टी. माझ्या टोकाला दोन खुणा आहेत. तेल त्यांच्या मधोमध असलं की सगळं आलबेल. कारखान्यात त्या खुणा ठोकल्या तेव्हा फार दुखलं, पण त्यांच्यामुळेच मला बोलता येतं, आणि बोलायला मला मनापासून आवडतं.

आमची पिकअप एका रोपवाटिकेची. गाडी चालवतात वन्सं आणि रोपं वाढवते त्यांची धाकटी भावजय. वन्सं रोज सकाळी मला बाहेर ओढायच्या, फडक्याने पुसायच्या, पुन्हा बुडवून निरखून बघायच्या. "हिने मला कधी वाटेत उभं केलं नाही," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मला तर आभाळ ठेंगणं व्हायचं.

एकदा तेल बदलायची वेळ आली. वन्संना नेहमीचं दाट तेल हवं होतं. भावजय म्हणाली, "वन्सं, दुकानदार सांगतो, पातळ तेलाने इंजिन हलकं चालतं." वन्सं कुरकुरत तयार झाल्या. त्याच सुमारास अंगणातल्या सपाट जागेवर रोपांची नवी शेड आली, आणि पिकअप मागच्या चढावर नाक वर करून उभी राहू लागली.

चढावर तेल सगळं मागे सरकतं आणि मी असते पुढे! मी खालच्या खुणेपर्यंतही भिजेना. वन्सं म्हणाल्या, "बघ, तुझं पातळ तेल उडून चाललंय." त्यांनी वरून तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाई, बास करा, असं मी जीव तोडून सांगत होते, पण माझं ऐकतो कोण? शेवटी तेल इतकं झालं की त्याचा इंजिनात फेस झाला. गाडी निळा धूर ओकू लागली. "इंजिन गेलं," असं ठरलं. आता रोपं बाजारात न्यायची कशी, या काळजीने नणंद-भावजय एकमेकींशी धड बोलेनात. भंगारवाल्याला बोलावणं गेलं. मला फार वाईट वाटलं.

तो आला तेव्हा वन्संनी पिकअप फाटकाबाहेरच्या सपाट रस्त्यावर आणली. तो टायर बघत होता तोवर सवयीने त्यांचा हात माझ्याकडे वळला. त्यांनी मला पुसलं, बुडवलं, काढलं. मी वरच्या खुणेच्याही वर चांगली चार बोटं चिंब होते. वन्संनी भावजयीला हाक मारली.

"अगं, तेल कमी नाही. मीच भरमसाट ओतून ठेवलंय."

भावजय धावत बादली घेऊन आली. दोघींनी सगळं तेल काढलं. नवं ओतायला झाकण पुसलं, तर कोणतं तेल घालायचं ते त्यावरच कोरलेलं! दाटही नाही, पातळही नाही, मधलं. तेच आणून मापात घातलं. गाडी दोन-चारदा खोकून झकास सुरू झाली आणि भंगारवाला हात हलवत परत गेला.

"चूक तुझ्या तेलाची नव्हती गं," वन्सं म्हणाल्या. "चढाची होती."

"मग चढच घालायचा का भंगारात?"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी वन्संच्या हातात होते, मीही थरथरत हसले.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना काही विचारायचं असेल तर आधी सपाट जागी उभं करा, थोडा दम खाऊ द्या, तोंड पुसा आणि मग विचारा. आम्ही खरं तेच सांगतो.